चौथा अतिचार

आषाढ शुद्ध चतुर्दशी आली की साधु-साध्वींचे विहार थांबतात. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत त्यांचा वास एकाच गावी. पावसाळ्यात भूमीवर जीवोत्पत्ती अपार होते, पाऊल टाकावे तेथे विराधनेचे भय. म्हणून हा वर्षावास. हे आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु आपल्या गोंदिया-भंडारा भागात एके काळी व्यापाऱ्यालाही चातुर्मास पाळावा लागे, ही गोष्ट आता विस्मरणात गेली आहे. तो चातुर्मास शास्त्राने सांगितलेला नव्हता. तो येथील नद्यांनी घालून दिलेला होता.

नकाशा समोर ठेवून पाहावे. सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावलेली वैनगंगा आपल्या जिल्ह्याच्या वायव्य सीमेवरून वाहते. उत्तरेला बाघ नदी आपल्याला बालाघाट जिल्ह्यापासून वेगळे करते. आत पांगोली, चुलबंद आणि गाढवी या नद्या आहेत, आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांची तर गणतीच नाही. उन्हाळ्यात या साऱ्या पात्रांतून बंडी सुखाने पार होई. जेथे पाणी उथळ तेथे उतार ठरलेला असे. मृगाचा पाऊस लागला की उतार बुडत. मग माणसे ढिवरांच्या डोंग्यातून पैलतीर गाठीत, पण धान्याची पोती भरलेली बंडी डोंग्यात कशी चढणार? छत्तीसगडचे धान्य बैलांच्या पाठीवर लादून आणणारे बंजाऱ्यांचे तांडेदेखील पावसाळ्यापूर्वीच आपल्या खेपा आटोपीत. दिवाळीपर्यंत पेढीवर हिशेब, उधारी आणि वाट पाहणे एवढाच उद्योग उरे.

हा चातुर्मास मोडला तो सडकेने, रुळांनी आणि त्यांहूनही अधिक पुलांनी. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव असे करीत रायपूरकडे जाणाऱ्या सडकेला इंग्रजी अमदानीत ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ हे नाव होते. दुर्ग-भिलाई-रायपूरकडील आपले सगेसोयरे आजही तिला जी. ई. रोडच म्हणतात. पुढे ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 झाली आणि 2010 च्या नव्या क्रमवारीत तिला 53 हा क्रमांक मिळाला. सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जाणाऱ्या या मार्गाचा एक तुकडा आपल्या जिल्ह्यातून जातो. या सडकेचे महत्त्व इतके की एका गावाच्या नावातच ती जाऊन बसली. जिल्ह्यात अर्जुनी दोन; त्यांतील सडकेवरची ती सडक-अर्जुनी आणि मोरगावाशेजारची ती अर्जुनी-मोरगाव. 1880 च्या दशकाच्या आरंभी नागपूर-राजनांदगाव हा मीटरगेज लोहमार्ग आला, 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला, आणि गोंदिया हे धानाचे व तांदळाचे मोठे पेठगाव होऊ लागले. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा मारवाडातून वा गुजरातेतून या मुलखात आले ते याच वाटांनी.

सडका कोणी, कोणत्या विचाराने वाढविल्या, याची हकीकतही आपल्या प्रांताशी जोडलेली आहे. 1927 साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर हे होते. त्या समितीच्या शिफारशींमधून 1929 साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पेट्रोलवर थोडा अधिक कर घ्यावा आणि तो रस्त्यांसाठीच वापरावा, ही त्यामागील कल्पना. इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्थाही त्याच शिफारशींतून 1934 साली जन्मली. पुढे 1943 साली देशातील मुख्य अभियंते नागपुरात एकत्र बसले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा तयार केला. तो ‘नागपूर योजना’ या नावानेच ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही जी वर्गवारी आपण आज सहज बोलतो, ती त्या योजनेने रूढ केली. चांगल्या शेतीच्या मुलखातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असा तिचा एक संकल्प होता.

या संकल्पाचे फळ पाहावयाचे असेल तर महामार्ग सोडून कोहमाऱ्याहून उत्तरेस वळावे. गोरेगाव, गोंदिया आणि पुढे रजेगावजवळ बाघ नदी ओलांडून बालाघाट, असा हा मार्ग जंगलातून, तळ्यांकाठून आणि धानाच्या बांध्यांमधून जातो. वाटेत मोठे पूल मोजकेच, पण लहान मोऱ्या, रपटे आणि फरशीपूल पावलोपावली. आपली मोटार त्यांच्यावरून जाते तेव्हा क्षणभर चाकांचा आवाज बदलतो, एवढीच त्यांची आपल्याला जाणीव. परंतु या क्षणभराच्या आवाजावरच आपला बारमाही व्यापार उभा आहे. आपली पेढी ज्यांच्या आधारावर वर्षाचे बाराही महिने चालते, त्या पुलांशी आपण व्यापारी कसे वागतो, हे आज मला लिहावयाचे आहे.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या प्रत्येक व्रताचे पाच-पाच अतिचार सांगितले आहेत. अहिंसा अणुव्रताचा चौथा अतिचार आहे अतिभारारोपण, म्हणजे शक्तीपलीकडे ओझे लादणे. ज्या काळी माल बैलाच्या पाठीवरून किंवा बंडीतून जाई, त्या काळी व्यापाऱ्याच्या हातून घडणारी रोजची हिंसा कोणती, हे आचार्यांनी किती नेमके ओळखले होते! आपल्या राज्यकर्त्यांनी ही जाणीव पुढे कायद्यात आणली. 1965 च्या नियमांनुसार ओझ्याच्या जनावरावर किती भार घालावा याला मर्यादा आहे. त्याला दिवसातून नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये आणि पारा 37 अंशांवर जातो अशा भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत जुंपू नये, असेही त्यात म्हटले आहे. आज बैल आपल्या व्यवहारातून जवळजवळ गेला. म्हणून पुष्कळांना वाटते की हा अतिचारही आपल्या जीवनातून गेला. मलाही तसेच वाटत असे. तो गैरसमज कसा दूर झाला, ते सांगतो.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळी धान निघाले होते, जून महिना होता आणि आभाळ भरून येत होते. तालुक्यातील एका खेड्यातून आमचे धान उचलावयाचे होते. बाबूजी आजारी असल्याने पेढीचे काम माझ्याकडे आलेले. ट्रक नऊ टनांचा. मी त्यात चौदा टन भरण्यास सांगितले. हमालांचा मुकादम जवळ येऊन हळूच म्हणाला, “सेठ, कमानपाटे बसले. दहा-वीस कट्टे उतरवू काय?” मी म्हणालो, “पावसाच्या आत एक खेप वाचते. जाऊ दे.” ट्रक गेला, माल सुखरूप पोहोचला आणि एका खेपेचे भाडे वाचले. रात्री मी बाबूजींना हे मोठ्या समाधानाने सांगितले. ते एवढेच म्हणाले, “गाडीने तक्रार केली नाही म्हणून तिला भार झाला नाही, असे समजू नकोस.”

त्या गावाच्या वाटेवर नाल्यावर एक लहान मोरी होती. तिची फरशी त्या दिवशी तडकली. जुलैत नाला दुथडी भरून वाहिला आणि ती खाली बसली. भाद्रपदात, पर्युषणाच्या दिवसांत, त्याच गावचा एक शेतकरी पेढीवर आला. बोलता बोलता म्हणाला, “यंदा आमच्या गावाला गाडी येत नाही, भाऊ. मायला ताप भरला तर चौघांनी खाटेवर घालून नाला उतरवला.” मोरी कशी मोडली, हे त्याला ठाऊक नव्हते. मला होते. त्याने माझ्याकडून पाणी घेतले, भाव विचारला आणि तो निघून गेला. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात अतिचारांची आलोचना चालू झाली. चौथ्या अतिचाराशी येऊन माझा आवाज थांबला. माझ्याकडे एकही बैल नव्हता, तरी तो अतिचार माझा होता.

ट्रक अजीव, पूल अजीव; मग त्यांच्यावरच्या भाराला हिंसा कशी म्हणावी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, भार ट्रकवर लादलेला दिसतो, पण तो तेथे थांबत नाही. तो ब्रेक न लागणाऱ्या उतारावर चालकाच्या जिवावर येतो, मोडक्या मोरीवर शाळेच्या मुलांवर येतो, आणि खाटेवरच्या आजारी माउलीवर येतो. बैल निदान बसकण मारून आपला नकार कळवी. पुलाला ती सोय नाही.

हा भार किती वेगाने वाढतो, याचे गणित व्यापाऱ्यांनी तरी समजून घ्यावे. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात अभियंत्यांनी मुद्दाम रस्ते बांधले आणि त्यांवरून वजनाच्या गाड्या अहोरात्र चालवून पाहिल्या. त्यातून निघालेला ठोकताळा असा की, ट्रकच्या एका आसावरचा, म्हणजे एक्सलवरचा, भार जितक्या पटीने वाढतो त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. आसावर सव्वापट भार घातला तर झीज जवळजवळ अडीच पट. दीडपट घातला तर पाच पट. दुप्पट घातला तर सोळा पट. भाड्याची बचत आणि रस्त्याची झीज यांचा हा हिशेब मांडला तर असा सौदा कोणताही शहाणा व्यापारी करणार नाही; आपण तो करतो, कारण झिजेचे बिल आपल्या नावावर फाडले जात नाही.

पुलाचे गणित याहून निराळे आहे. पूल एकदम झिजत नाही. तो सहन करतो आणि त्याची सहनशक्ती आतल्या आत कमी होत जाते. जुन्या दगडी कमानीचा पूल चुन्यात बांधलेला असतो; भार आला की कमानीचे दगड एकमेकांवर अधिक घट्ट दाबले जातात, म्हणून असे पूल दीर्घायुषी. त्यांचे खरे शत्रू दोन. एक पुराचे पाणी, जे पायाखालची माती खरवडून नेते. दुसरा सांध्यांत रुजलेला पिंपळ वा वड, ज्याची मुळे दगड सुटे करतात. सिमेंट काँक्रीटच्या पुलात पाणी झिरपून आतील लोखंड गंजते, फुगते आणि वरचा थर फोडते. पाणी वाहून नेणारी भोके बुजली, जोडांत माती साचली, कठडा मोडला, या साऱ्या खुणा उघड्या डोळ्यांना दिसतात. अशा दुबळ्या झालेल्या पुलावर जेव्हा आपली दबलेली गाडी जाते, तेव्हा ती त्या आजाऱ्याच्या पाठीवर आणखी एक पोते ठेवीत असते.

महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल 1928 साली बांधलेला होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन बसगाड्या व आणखी वाहने अंधारात नदीत गेली. त्या वेळी सर्वांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘ब्रिटिशकालीन’. जणू म्हातारपण हाच पुलाचा अपराध! परंतु 9 जुलै 2025 रोजी गुजरातेत मही नदीवरील गंभीरा पूल कोसळला, तो 1985 मध्ये सुरू झालेला होता. वयाने तो महाडच्या पुलाच्या निम्माही नव्हता. जुने पूल पडतात आणि नवेही पडतात. पुलाचे आयुष्य त्याच्या जन्मतारखेपेक्षा त्याच्या देखभालीवर आणि त्याच्यावर काय लादले जाते यावर अधिक अवलंबून असते.

आपल्याकडेही पाहावे. भंडाऱ्याजवळ कारधा येथे वैनगंगेवर इंग्रजांच्या काळातील ठेंगणा पूल आहे आणि जवळच महामार्गाचा उंच पूल. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगेने भंडारा-गोंदियातील गावेच्या गावे वेढली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. पूर ओसरल्यावर पूल वरून पूर्वीसारखाच दिसतो. पायाखाली काय झाले, हे पाहणी केल्यावाचून कळत नाही. अशा वेळी ‘जड वाहनांस बंदी’ असा फलक लागला, तर तो आपल्या धंद्याचा शत्रू नव्हे. वैद्याने सांगितलेले ते पथ्य आहे.

येथे तिसऱ्या व्रताचाही संबंध येतो. अस्तेय अणुव्रताच्या अतिचारांत राज्याच्या नियमाचे उल्लंघन आणि खोटे माप-तोल हे दोन्ही सांगितले आहेत. बिल्टीवर नऊ टन आणि गाडीत चौदा, हे खोटे माप नव्हे तर काय? जुलै 2018 मध्ये सरकारने भाराची मर्यादा स्वतःच वाढविली. चार टायरांच्या एका आसावर पूर्वी 10.2 टन चालत, आता 11.5 टन चालतात. त्यापुढे गेल्यास मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी 2,000 रुपये आहेत, आणि तो कायदा गाडी चालविणाऱ्याबरोबर चालवावयास लावणाऱ्याकडेही बोट दाखवितो. ‘ट्रकवाल्याने भरले, आम्हांस काय ठाऊक’ हे उत्तर कायद्यापुढे एखादे वेळी चालेल. आलोचनेत चालणार नाही.

आपल्या भागात ट्रक तोलण्याच्या काट्याला ‘धर्मकाटा’ म्हणतात. ज्या कोणी हे नाव प्रथम वापरले, त्याने आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. तो काटा विक्रेता आणि खरेदीदार यांच्यातील धर्म राखतो, हे तर खरेच. पण भरलेली गाडी रस्त्याला लागण्यापूर्वी तिच्या मालकाला त्याची मर्यादाही तोच सांगतो. धर्मकाट्याची पावती आपण हिशेबासाठी जपतो. ती एकदा विवेकासाठीही वाचावी.

यापुढे काय करावे, हे सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या चुकलेल्याला कितपत आहे, ठाऊक नाही. आमच्या पेढीने जे ठरविले, तेवढे सांगतो. गाडीच्या मर्यादेइतकाच माल भरावयाचा आणि बिल्टीवर तोच आकडा लिहावयाचा. भाडे ठरविताना ते मर्यादेतल्या मालावर चालकाला परवडेल असे ठरवावयाचे, कारण भाडे पाडून मागणारा सेठच अनेकदा जादा भाराचा खरा कर्ता असतो. पावसाळ्यात खेड्यातील माल लहान गाडीने मुख्य रस्त्यापर्यंत आणावयाचा आणि तेथे मोठ्या गाडीत भरावयाचा. यात हमाली थोडी वाढते. ग्रामसडक योजनेतील रस्ते हलक्या वाहतुकीसाठी बांधलेले असतात, हे लक्षात ठेवून उन्हाळी धानाची उचल मृगापूर्वी आटोपण्याचा प्रयत्न करावयाचा. आणि येता-जाता एखाद्या पुलाच्या सांध्यात पिंपळ उगवलेला दिसला, फरशीला तडा दिसला, तर बांधकाम विभागास दोन ओळींचे पत्र पाठवावयाचे. पहिल्या वर्षी या साऱ्याचा खर्च आम्हांला जाणवला. नंतर टायर, कमानपाटे आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या यांचा खर्च उतरला, तेव्हा तो फारसा जाणवेनासा झाला.

आपले पूर्वज प्याऊ घालीत, वाटेवर धर्मशाळा बांधीत, पांजरपोळात म्हाताऱ्या बैलांना आश्रय देत. वाटसरू आणि ओझे वाहणारा मुका जीव या दोघांचे ऋण ते मानीत. आज आपले ओझे लोखंड, दगड आणि सिमेंट वाहतात. त्यांच्यासाठी पांजरपोळ नाही. त्यांचे ऋण फेडण्याची रीत एकच, त्यांच्या शक्तीपलीकडे त्यांच्यावर लादू नये.

त्या खेड्यातील मोरी पुढे नव्याने बांधली गेली. त्या वाटेने मी आजही जातो. मोरी आली की चालकाला गाडी हळू घ्यावयास सांगतो. तो विचारतो, “का, काकाजी? रस्ता तर चांगला आहे.” मी त्याला काही सांगत नाही. आज हे आपणा सर्वांसमोर लिहून टाकले, तेव्हा त्यालाही सांगेन म्हणतो. येत्या संवत्सरीला क्षमायाचनेच्या यादीत आपण सगेसोयरे, शेजारी, ग्राहक आणि नोकर यांची नावे घेऊ. तेव्हा ज्या अनोळखी गावांच्या वाटा आपल्या गाड्यांनी मोडल्या, त्या गावांचीही आठवण ठेवावी.

तस्स मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.